मायला घरी सांभाळायचं की केअर सेंटरला ठेवायचं? आधी तास मोजा, मग पैसे

खुब्याच्या ऑपरेशननंतर मायला दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मांडी घालून बसवायचं नाही, इंडियन संडास बंद, आणि आता जवळ माणूस लागेल." हा माणूस कुठून आणायचा, किती तासांसाठी आणि महिन्याला किती मोजायचे, हे मात्र कुणीच सांगत नाही. मी लातूरला शाळेत नोकरी करते. दादा-वहिनी पुण्याला. माय तोवर औशाजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची, आणि तिथला संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

त्या रात्री दादा फोनवर म्हणाला, "घरी बाई ठेवू, सेंटरपेक्षा स्वस्त पडेल." मलाही तसंच वाटलं. पुढच्या दोन वर्षांत कळलं की तो हिशोब अर्धाच होता. तुमच्या घरावर हीच वेळ आली असेल, तर पूर्ण हिशोब कसा मांडायचा ते क्रमाने सांगते. दर गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, पण मांडणी तीच राहते.

पहिली पायरी: कुणालाही फोन करण्याआधी आठ दिवस वही भरा

घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला की ते विचारतात, "बारा तास पाहिजे की चोवीस?" आपण गडबडीत "बारा, दिवसाचे" म्हणतो आणि तिथेच पैसे चुकीच्या जागी जायला लागतात.

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर चोवीस तासांचे रकाने पाडा. ज्या ज्या वेळी तुमच्या माणसाला दुसऱ्याचा हात लागला, ती वेळ आणि किती मिनिटं लागली ते लिहा. डॉक्टर मंडळी अशा वेळी साधारण सहा गोष्टी पाहतात: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा आणि हाताने जेवणं. प्रत्येकीपुढे "स्वतः", "थोडा हात" किंवा "पूर्ण" यांपैकी एक शब्द लिहा. औषधं वेळेवर घेता येतात का, गॅस सुरू ठेवून विसरायला होतं का, दार उघडून बाहेर जायची सवय लागली आहे का, हेही टिपून ठेवा.

आमच्या वहीत चौथ्या रात्रीचं पान असं होतं: 11:40 लघवी, 15 मिनिटं. 2:10 पाणी मागितलं, कूस बदलून दिली, 20 मिनिटं. 3:30 उठून बसली, "दादा आला का" विचारत होती, 40 मिनिटं. 5:15 लघवी. दिवसाच्या रकान्यात मात्र सकाळी 8 ते 11 गर्दी, मग थेट 4 वाजेपर्यंत एखाद-दुसरी नोंद, कारण दुपारी माय झोपायची. म्हणजे आम्ही बारा तासांची दिवसाची बाई ठेवायला निघालो होतो, आणि खरी गरज सकाळच्या तीन-चार तासांची आणि रात्रीची होती. ही वही भरली नसती तर दुपारभर रिकाम्या बसणाऱ्या माणसाचा पगार आम्ही दिला असता आणि रात्री मी जागले असते.

आठ दिवसांनी रोजच्या तासांची बेरीज करा आणि दिवस-रात्र वेगळे मांडा. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर उभा राहतो.

दुसरी पायरी: कोण काय काम करतं ते समजून घ्या

घरकामाची बाई स्वयंपाक-भांडी-धुणं करते. ती मायला धरून संडासला नेईल असं गृहीत धरू नका, आणि तिच्यावर ते लादूही नका. केअरटेकर, म्हणजे आपण जिला मावशी किंवा ज्याला मामा म्हणतो, अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, फिरवणं ही कामं करतात. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी, लघवीची नळी, खोल जखमेचं ड्रेसिंग यासाठी एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली सिस्टर किंवा ब्रदर लागतो आणि त्यांचा दर वेगळा असतो. दिवसातून एकदा ड्रेसिंग करायचं असेल तर पूर्ण वेळ सिस्टर ठेवायची गरज नाही. मावशी पूर्ण वेळ आणि सिस्टर फेरीवर, अशी जोडणी स्वस्त पडते आणि चांगली चालते.

आता दुसरी बाजू. वृद्धाश्रम आणि केअर सेंटर यांत लोक सर्रास गल्लत करतात. बहुतेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करता येणाऱ्या माणसालाच घेतात. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, सोबत, भजन. राज्य सरकारने 1995 मध्ये सुरू केलेल्या योजनेतले मातोश्री वृद्धाश्रमही मुळात अशा सोयीसाठी आहेत. पलंगाला खिळलेल्या माणसाला घेऊन तिथे गेलात तर परत पाठवतील, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही, कारण त्यांच्याकडे तेवढी माणसं नसतात. ज्याला शहरात असिस्टेड लिव्हिंग म्हणतात, तिथे राहणं-जेवण आणि वर अंघोळ-औषधं-चालणं यांची मदत मिळते. पूर्ण झोपून असलेल्यांसाठी नर्सिंग असलेलं सेंटर लागतं. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "चालता न येणारा, डायपरवरचा पेशंट घेता का? आमचं माणूस उद्या झोपून राहिलं तर ठेवाल का, की घरी न्यायला लावाल?"

पत्ते कुठून मिळवायचे? संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशा सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना विचारा. फिजिओथेरपिस्ट आणि दवाखान्यासमोरचे मेडिकलवाले यांना कुठली सेंटरं खरंच माणसं सांभाळतात ते ठाऊक असतं. ज्येष्ठांसाठीची 14567 ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अनुदानित वृद्धाश्रमांची यादी मिळते.

एक बोलून टाकते. आपल्याकडे "आईला आश्रमात टाकलं" असंच म्हणतात, "ठेवलं" कुणी म्हणत नाही. या एका क्रियापदाच्या धाकाने कित्येक घरांत हिशोबाची वहीच उघडली जात नाही. पाहुणे काय म्हणतील ते नंतर बघू. आधी कागद-पेन घ्या.

तिसरी पायरी: घरच्या खर्चाचं पान

इथे सगळ्यांचं एकच होतं. मावशीचा पगार लिहितात आणि बेरीज संपवतात. पगार हा निम्म्याच्या आसपासचा भाग आहे. बाकीचे रकाने असे पाडा.

बदली माणसाचे पैसे. आठवड्याची सुट्टी हा मावशीचा हक्कच आहे, त्या दिवशी दुसरं कुणीतरी लागतं. शिवाय आपल्या भागाचं कॅलेंडर समोर धरा. दिवाळी, पोळा, उन्हाळ्यातली लग्नसराई. लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळ अमावस्या) म्हणजे अख्खं गाव शेतात. त्या दिवशी शहरातल्या मावशा शिवारात आणि ब्यूरोचा फोन वाजत राहतो. पहिल्या वर्षी मला हे सुचलं नव्हतं आणि ऐनवेळी बिनपगारी रजा टाकावी लागली.

डायपर, अंडरपॅड, हातमोजे, मलम. दिवसाला किती लागतात ते वहीतून घ्या आणि तिसाने गुणा. पेटीने घेतले तर सुट्यापेक्षा स्वस्त मिळतात.

पलंग आणि एअर मॅट्रेस. डोक्याकडून उचलता येणारा पलंग सर्जिकल दुकानात भाड्याने मिळतो. सहा महिन्यांच्या भाड्यात जुना पलंग विकत येतो का, ते आधी विचारा. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. एअर मॅट्रेसने मदत होते, पण तिच्या भरवशावर कूस बदलायचं सोडू नका. जखम चिघळली की तिचा खर्च गादीच्या कितीतरी पट होतो आणि भोगावं त्यांना लागतं.

पाणी. ज्या लातूर शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या शहरात हा रकाना सोडून चालत नाही. अंथरुणात लघवी झाली की चादर, गोधडी, कपडे रोज धुवायला पडतात. मार्च ते जून टँकरचे पैसे वेगळे धरा.

वीज. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं असेल तर साधारण 350 वॅटचं मशीन चोवीस तासांत 8.4 युनिट खातं, महिन्याला अडीचशेच्या वर. बिल वरच्या टप्प्यात जातं आणि तिथला दर जास्त असतो. वीज गेल्यावर मशीन चालू ठेवण्याइतका इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर हाताशी हवाच.

घरातले बदल एकदाच होतात: कमोड, भिंतीला स्टीलच्या दांड्या, उंबरा काढून उतार, न घसरणारी फरशी. 40,000 खर्च झाले आणि दोन वर्षं वापर धरला तर महिन्याला साधारण 1,670. एकरकमी खर्चाला असं महिन्यांनी भागूनच रकान्यात टाका, म्हणजे सेंटरच्या डिपॉझिटशी तुलना करता येते.

आणि ज्या रकान्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो: घरातल्या बाईचे तास. सून असो, लेक असो, बायको असो, तिच्या तासांपुढे आपण शून्य लिहितो. रात्रीचे दहा तास, महिन्याचे तीनशे. ते काम बाहेरच्या माणसाने केलं असतं तर जो दर लागला असता तोच तिच्या नावापुढे लिहा. पैसे हातात द्यायचे की नाही ते घराने ठरवावं, पण पानावर आकडा पडलाच पाहिजे. तिने नोकरी सोडली असेल किंवा शिलाईचं काम बंद केलं असेल तर ती रक्कमही. दीड वर्ष मी रात्री जागून सकाळी दहाला फळ्यासमोर उभी राहिले. मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा दादाने पहिल्यांदा विचारलं, "रात्री कोण बघतंय?"

चौथी पायरी: सेंटरच्या खर्चाचं पान

फोनवर सांगतात तो आकडा राहण्या-जेवणाचा असतो. प्रत्येक सेंटरला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी मागा.

डिपॉझिट किती, त्यातलं परत किती, आणि किती दिवसांत? जे परत मिळणार नाही त्याला महिन्यांनी भागा. 50,000 परत न मिळणारे असतील आणि माणूस वर्षभर राहिलं तर महिन्याला 4,167 पडतात, तीन वर्षं राहिलं तर 1,389. म्हणजे थोड्या दिवसांसाठी मोठ्या डिपॉझिटचं सेंटर महाग पडतं.

डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरांची फेरी, केस कापणं, कपडे धुणं यातलं काय पॅकेजमध्ये आणि काय वेगळं? आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी हातमोज्यांचेही पैसे बिलात वेगळे होते, आणि ते पहिलं बिल आल्यावर कळलं.

चालता माणूस झोपून राहिला तर दर किती वाढतो? वर्षाला वाढ किती? दवाखान्यात ॲडमिट केलं तर सोबत कोण जाणार, आणि तेवढ्या दिवसांचे पलंगाचे पैसे चालूच राहणार का? मध्येच माणूस घरी नेलं किंवा वारलं तर त्या महिन्याचे पैसे कसे कापणार? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, तरी विचारा.

जीएसटी धरून सांगताय की वरून? सरकारी किंवा आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदणी झालेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला, 60 वर्षांवरच्या माणसामागे महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या राहण्या-जेवणाच्या शुल्कावर जीएसटीची सूट आहे. खासगी सेंटरकडून याचं स्पष्ट उत्तर घ्या.

तुमच्या येण्या-जाण्याचे पैसे याच पानावर लिहा. पुण्यातलं सेंटर लातूरच्या लेकीला दर पंधरा दिवसांनी गाठायचं झालं तर एसटीचं अर्धं तिकीट धरूनही खर्च होतो आणि दोन दिवस जातात. तुमचे वडील-काका सोबत येणार असतील तर 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट.

पाचवी पायरी: दोन्ही पानं शेजारी ठेवा

खालचे आकडे मी मांडणी समजावी म्हणून धरलेत. बाजारभाव म्हणून वापरू नका, तुमच्या गावचे दर विचारून तिथे घाला.

समजा दिवसाची बारा तासांची मावशी 18,000. सुट्टीच्या चार दिवसांची बदली 3,200. डायपर वगैरे 4,800. फिजिओच्या बारा फेऱ्या 4,800. पलंग-गादीचं भाडं 2,500. मावशीचा चहा-जेवण 2,000. जादा वीज-पाणी 1,500. बेरीज 36,800. सुरुवातीला आपल्या डोक्यात होते फक्त 18,000.

समजा सेंटरचे महिन्याचे 22,000. डायपर वगैरे 4,800 आणि फिजिओ 4,800 तिथेही लागणारच. डॉक्टरांची फेरी आणि किरकोळ 2,000. आपलं येणं-जाणं 3,000. बेरीज 36,600.

म्हणजे रोज बारा तास बाहेरचं माणूस लागतं तिथे दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. माणसाची गरज तीन-चार तासांचीच असेल तर अर्ध्या दिवसाची मावशी, थोडं सामान मिळून दहा-बारा हजारांत भागतं आणि घरच स्वस्त. पण रात्रीही जागं माणूस लागायला लागलं की गणित फिरतं. रात्रीची मावशी 21,000 आणि तिची बदली 3,600 मिळवा, घरचा खर्च 61,400 होतो. सेंटरने झोपून असलेल्या माणसासाठी 22,000 ऐवजी 30,000 लावले तरी तिकडची बेरीज 44,600. फरक 16,800, दर महिन्याला. कारण साधं आहे: एक माणूस चोवीस तास जागू शकत नाही, घरी दोन पगार लागतात. सेंटरमध्ये तीच रात्रीची मावशी पाच-सहा जणांना बघते.

"पण आमच्याकडे तर घरीच स्वस्त पडतंय" असं कुणी म्हणालं तर रात्रीचे 21,000 कुणाच्या नावावर शून्य लिहिलेत ते विचारा.

एक दुरुस्ती राहिली. सेंटरच्या आकड्यात जेवण आलं, म्हणून घरच्या पानावर तुमच्या माणसाचं जेवणही धरा. आणि ते एकटेच राहत असतील तर ते सेंटरला गेल्यावर गावच्या घराचं वीजबिल, गॅस, राखणीचा गडी यातलं काय वाचतं तेही बघा. घरात बाकी कुटुंब राहत असेल तर यातलं काहीच वाचत नाही.

पैसा येणार कुठून

मराठवाड्यातल्या घरांची अडचण वेगळी आहे. खर्च महिन्याचा, उत्पन्न वर्षाचं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा, ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला दिलेल्या जमिनीचे पाडव्याला. म्हणून महिन्याची बेरीज झाली की तिला सहाने गुणा आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवूनच सुरुवात करा. मावशीचा पगार महिनाभर थकला की ती दुसरं घर धरते.

हातात एकरकमी पैसा असेल, निवृत्तीचा किंवा जमीन विकल्याचा, तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. 60 वर्षांवरच्यांना 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के दर मिळत आला आहे, पण सरकार तिमाहीला दर तपासतं, म्हणून खातं उघडताना विचारून घ्या. 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750, म्हणजे महिन्याला 10,250. अर्ध्या दिवसाच्या मावशीची सोय यातून होते.

70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार घेऊन जा आणि काढूनच ठेवा. पण ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरच्या मावशीचा पगार किंवा सेंटरचं महिन्याचं बिल त्यातून निघत नाही. खासगी मेडिक्लेमवरही पगारासाठी विसंबून राहू नका.

उत्पन्न अगदी कमी असेल तर 65 वर्षांवरच्यांना श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 मिळतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 आहे, अर्ज तहसीलला. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, कमोड-खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 मिळतात. आयकर भरणाऱ्या मुलांनी जुनी करप्रणाली घेतली असेल तर आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचारावरचा वर्षाला 50,000 पर्यंतचा खर्च वजावटीत धरता येतो. तो रोखीने दिलेला चालत नाही, म्हणून मेडिकलवाल्याला ऑनलाइन पैसे द्या आणि बिलं जपा.

भावंडांत वाटणी आधी ठरवा आणि लिहून काढा. आमच्यात दादा पैसे देतो आणि मी वेळ देते असं ठरलं, पण माझ्या वेळेचा आकडा पानावर लिहिल्यानंतर. कुणीच काही द्यायला तयार नसेल तर 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. महिना 10,000 पर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. आणि माझं कळकळीचं सांगणं: माय-बापाने हयातीत शेत किंवा घर मुलांच्या नावे करून देताना बक्षीसपत्रात "आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं" ही अट लिहूनच घ्यावी. अट मोडली तर याच कायद्याच्या कलम 23 ने ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर हे फार अवघड होतं.

बीडकडच्या कित्येक गावांत ऊसतोडीला जोडपी निघाली की मागे म्हातारी माणसंच राहतात. त्यांना यातलं काहीच परवडणारं नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी निघायच्या आधी आशाताईंना सांगून ठेवावं, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या उपकेंद्रातून पुढच्या महिन्यांसाठी लावून घ्याव्यात, शेजारच्या एका घराला रोज एक फेरी मारायला सांगावी आणि त्या घराला काहीतरी द्यावं.

सहावी पायरी: बघायला जा, न सांगता

ठरलेल्या वेळी गेलात तर सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. एकदा दुपारी जेवणाच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी सातच्या पुढे, माणसं कमी असतात तेव्हा जा. नखं कापलेली आहेत का, पाण्याचा पेला हात पोहोचेल तिथे आहे का की कपाटावर, ओठ सुकलेत का, ते बघा. दोरीवर किती चादरी वाळताहेत ते बघा. डायपरवरची दहा माणसं आणि दोरीवर दोनच चादरी, तर विचार करा. रात्री किती जणांमागे एक माणूस जागं असतं, हे मालकाला न विचारता मावशीला विचारा.

जेवणाचंही बघा. आमच्या भागातल्या बायका उभा जन्म ज्वारीच्या भाकरीवर जगलेल्या. रोज पोळी-भात समोर आला की चार घास खाऊन ताट सरकवतात आणि महिन्यात वजन उतरतं. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून देतात का, ते नक्की विचारा.

मनाला पटलं तरी आधी पंधरा दिवस किंवा महिन्यासाठी ठेवून बघा. बरीच सेंटरं असं तात्पुरतं घेतात. ऑपरेशननंतरच्या काळात किंवा घरात लग्नकार्य असताना हीच सोय उपयोगी पडते. पहिले आठ-दहा दिवस माणूस "घरी न्या" म्हणतंच. तिसऱ्या आठवड्यात काय म्हणतं ते धरा.

घरी माणूस ठेवताय तर तेही कागदावर आणा: आधारची प्रत, पोलीस ठाण्यात नोंद, कामांची यादी, सुट्टी, पगाराची तारीख. रात्रीची मावशी जागी राहायची आहे की बोलावल्यावर उठायची, ते आधी स्पष्ट करा, दोन्हींचा दर वेगळा असतो. ब्यूरोकडून घेतलं तर तेच माणूस किती दिवस टिकेल, ते विचारा. आमच्याकडे एका ब्यूरोने दर तीन दिवसांनी नवीन मावशी पाठवली, आणि दर वेळी माय "ही कोण" म्हणून बिथरायची. मायची बोरमाळ आणि पाटल्या आधीच काढून लॉकरला ठेवा, म्हणजे पुढे मावशीवर विनाकारण संशय यायचा प्रसंग येत नाही. आणि तिला घरच्यासारखं जेवायला वाढा. आपल्या माणसाचं सगळं तिच्या हातात असतं.

सातवी पायरी: दर तीन महिन्यांनी पुन्हा वही

गरज एका जागी थांबत नाही. खुबा बसला की तास कमी होतात, विसरभोळेपणा वाढला की रात्र वाढते. तीन महिन्यांनी पुन्हा आठ दिवस वही भरा आणि दोन्ही पानांवरचे आकडे बदला. आमच्याकडे पहिली सव्वा वर्ष घरच स्वस्त होतं. सकाळची मावशी, आणि रात्री मी. मग माय रात्री दार उघडून रस्त्यावर जायला लागली, वहीत रात्रीच्या नोंदी सात-आठवर गेल्या आणि आकडे उलटले. लातुरातल्याच सेंटरला महिनाभर ठेवून पाहिलं, तिथे रात्री जागं माणूस होतं आणि फाटकाला कडी होती. तिसऱ्या आठवड्यात तिने शेजारच्या पलंगावरच्या आजीला आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

सही करण्याआधी त्यांच्या छापील करारात मी एक ओळ हाताने घालून घेतली: "नातेवाइकांना रोज संध्याकाळी बाहेरून जेवण आणता येईल." शाळा सुटल्यावर साडेपाचला भाकरी आणि पातळ वरण घेऊन जाते. काला मोडायचं काम अजून ती स्वतःच करते.